उरलेले सहा काप

मी मेणाची एक वडी बोलतेय. मेणाची म्हटल्यावर लगेच मेणबत्ती आठवली असेल, पण ती मी नव्हे. मी असेन आगपेटीच्या निम्म्याएवढी, प्लॅस्टिकच्या जाळीला चिकटलेली, आणि माझ्या पोटात एका माणसाचा तुकडा आहे. प्रयोगशाळेत मला ब्लॉक म्हणतात. जाळीच्या कडेला पेन्सिलीनं एक नंबर लिहिलाय, तेच माझं नाव.

माझ्या पोटात आता फार काही उरलेलं नाही. तरी सुरुवातीपासूनच सांगते, कारण मधूनच ऐकलं की माणसं भलताच अर्थ काढतात. माझ्या बाबतीत नेमकं तेच झालं होतं.

वडी होण्याआधी मी एका रंगाऱ्याच्या जबड्याखाली राहत होते. उजव्या बाजूला मी, डाव्या बाजूला माझी जुळी बहीण. आम्ही लाळेच्या ग्रंथी. काहीतरी आंबट आठवलं की कामाला लागायचं, एवढीच आमची नोकरी. रंगारी एका गॅरेजमध्ये गाड्यांना फवाऱ्यानं रंग मारायचा. जबड्याला खेटूनच बिऱ्हाड असल्यामुळे त्याचा शब्दन् शब्द मला ऐकू यायचा, आणि तो बोलायचाही भरपूर. "दाराचा रंग जुळत नाही हो," असं कुणी गिऱ्हाईक म्हणालं की हा म्हणायचा, "साहेब, दार जुळतंय. चष्मा बदला."

मग पाहुणे आले.

प्रत्येक शरीरात पहारेकरी पेशी असतात. काही खुट्ट झालं की धावत येतात, काम उरकतात आणि निघून जातात. या आल्या त्या गेल्याच नाहीत. पाहुणे म्हणून आल्या आणि घरजावई होऊन बसल्या. त्यांतल्या काही हुकूम सोडणाऱ्या होत्या. त्यांच्या हुकमावरून दुसऱ्या काही पेशी फुगल्या, गोल गरगरीत झाल्या आणि दिवसरात्र एकाच जातीची प्रतिपिंडं गाळत बसल्या. प्रतिपिंडं म्हणजे शत्रूवर सोडायची हत्यारं. पण शत्रू कोण, ते मला आजही कळलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर डॉक्टरांनाही नाही. त्याच हुकमानं धागे विणणाऱ्या पेशीही जाग्या झाल्या. त्यांनी माझ्या अंगात असे चिवट धागे विणले, की लाळ करणाऱ्या माझ्या पेशी एकेक करत गुदमरून गेल्या.

दुखलं मात्र काहीच नाही. दुखलं असतं तर बरं झालं असतं.

सुपारीएवढी होते, ती लिंबाएवढी झाले. दाढी करताना रंगाऱ्याच्या हाताला लागायचे. "जाड झालोय थोडा," म्हणून तो सोडून द्यायचा. शेवटी त्याच्या मुलीनं त्याला जवळजवळ ओढतच दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, काढून बघू. मी निघाले. बहीण थोडीशीच सुजली होती, ती राहिली. आमचा निरोपसुद्धा झाला नाही.

पुढचं सगळं भराभर झालं. औषधाच्या बाटलीत एक दिवस बुडून राहिले, मग स्पिरिट, मग गरम मेण. माझा एक तुकडा वडी झाला, आणि बाकीची मी महिनाभर बाटलीत राहून नियमाप्रमाणे नष्ट झाले. तेव्हा सबंध ग्रंथीच्या वतीनं बोलायला ही एवढीच मी उरले आहे.

प्रयोगशाळेत माझी गाठ बारीककाकांशी पडली. काका अंगानं चांगले दोन माणसांचे, पण काप असे काढतात की त्यातून वर्तमानपत्र वाचावं. म्हणून सगळे त्यांना बारीककाका म्हणतात. आणि तो काप काचेच्या पट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघणाऱ्या मॅडम. त्या वेळी त्या नुकत्याच नोकरीला लागल्या होत्या. केस घट्ट बांधलेले, आणि शंका आली की पेनाचं टोपण चावायची सवय.

सगळ्यांना प्रश्न एकच होता. कर्करोग आहे का? तेव्हाच्या सर्जनचा तोच, मुलीचा तोच, मॅडमचाही तोच. पहिल्या कापात सापडला नाही, म्हणून मॅडम म्हणाल्या, "काका, अजून खोल जा." काका खोल गेले. अजून खोल. साठ-सत्तर काप काढले माझे, जे नव्हतंच ते शोधण्यासाठी. शेवटी मॅडमनी लिहिलं, "जुनाट दाह. कर्करोग नाही," आणि खाली सही केली.

रिपोर्ट देण्याच्या खिडकीवर कागद हातात पडल्यावर मुलगी रडली. रंगारी म्हणाला, "मी सांगत नव्हतो?"

मला तेव्हा फार राग आला होता, आणि तो मी लपवत नाही. त्या गरगरीत पेशींचे थवेच्या थवे माझ्या अंगात होते. मॅडमनी ते पाहिलेही होते, टोपण चावत चावत बराच वेळ पाहिले होते. पण जुनाट दाहात अशा पेशी असायच्याच, म्हणून त्यांनी पट्टी बाजूला ठेवली. चोर नाही एवढं ठरलं, आणि घरात कोण बसलंय ते कुणी विचारलंच नाही. मला मेणाचा एक हात फासून कपाटात टाकलं.

कपाट खिडकीच्या मागेच आहे. त्यात मी सहा वर्षं काढली. शेजारी कुणाचं आंत्रपुच्छ, कुणाचा तीळ. बोलायला कुणी नाही, कान मात्र उघडे.

सातव्या वर्षातल्या एका मंगळवारी दुपारी खिडकीवर ओळखीचा आवाज आला. रंगाऱ्याची मुलगी होती.

"मॅडम, बाबांचा रिपोर्ट न्यायला आलेय. स्वादुपिंडातून सुईनं तुकडा घेतला होता, त्याचा."

"तयार आहे. पण त्यात नक्की काही सांगता आलेलं नाही," मॅडम म्हणाल्या. "पेशी फार थोड्या आल्या होत्या. सर्जन काय म्हणतायत?"

"ते म्हणतात, कावीळ आहे, स्कॅनमध्ये गाठ आहे, वाट बघण्यात अर्थ नाही. परवा सकाळी आठला ऑपरेशन. स्वादुपिंडाचं डोकं, आतड्याचा तुकडा, पित्ताशय, सगळं काढणार. सात-आठ तास लागतील म्हणे." मग तिनं विचारलं, "बाबांचं वजन बारा किलोनं उतरलंय. यातून उठतील ना ते?"

लिफाफा पुढे सरकवल्याचा आवाज आला.

"आणि एक, त्या जुन्या गाठीच्या रिपोर्टची नक्कल मिळेल का? जबड्याखालची, सहा वर्षं झाली. जुने सगळे कागद आणा म्हणाले. बाबा तर सांगायलाच तयार नव्हते. म्हणे, ते काय ऑपरेशन होतं? सुपारी काढली नुसती."

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग वहीची पानं उलटल्याचा.

"ही सही माझी आहे," मॅडम हळूच म्हणाल्या. कुणाला म्हणाल्या, कोण जाणे. मग त्यांनी विचारलं, "दुसऱ्या बाजूला पण सूज आहे का त्यांना?"

"डाव्या बाजूला आहे थोडी. तोंडही सारखं कोरडं पडतं. कर्करोग नाही म्हटल्यावर आम्ही लक्षच नाही दिलं."

माझ्या बहिणीबद्दल मला कळलं ते असं.

मॅडमनी कपाट स्वतः उघडलं. मला उचलून दिव्यासमोर धरलं आणि काकांना हाक मारली. काकांनी एक डोळा मिटून मला पाहिलं. "मेणच दिसतंय नुसतं. आपणच त्या वेळी सगळं कापून खाल्लंय. हात राखून कापलं, तर सहा काप निघतील. सातवा मागू नका."

"मला तीन हवेत. एक साधा रंगवायला, दोन खास रंगाला."

"खास म्हणजे?"

"आयजीजी-फोर. त्या गोल पेशी कुठल्या जातीची प्रतिपिंडं गाळतायत ते बघायचंय. चार नंबरची असतील, तर हा एक वेगळाच आजार आहे, काका. एका अवयवात गाठ करतो, मग दुसऱ्यात करतो. दिसतो थेट कर्करोगासारखा आणि स्टेरॉइडच्या गोळ्यांनी उतरतो." त्यांनी पेनाचं टोपण तोंडात धरलं आणि परत काढलं. "मी तेव्हाच मोजायला हवं होतं."

काकांनी मला बर्फावर ठेवलं. गार पडल्याशिवाय माझा काप नीट निघत नाही.

संध्याकाळपर्यंत साधा काप रंगवून झाला. मॅडम सूक्ष्मदर्शकाला जवळजवळ चिकटल्या. धागे सरळ गेलेले नव्हते, चटईच्या विणीसारखे एकमेकांत फिरले होते. बारीक शिरा आतून बुजलेल्या होत्या. हे सगळं सहा वर्षांपूर्वीही तिथेच होतं. मॅडमनी डोळे पुसले आणि सर्जनना फोन लावला. हातात मोजे होते म्हणून स्पीकर चालू केला, त्यामुळे मलाही ऐकू आलं.

"मॅडम, जुन्या गाठीवरून आजच्या स्वादुपिंडाचा निवाडा करायचा?" सर्जनचा आवाज शांत होता. "समजा तुमचं बरोबर निघालं, तर त्याचं पोट वाचेल. समजा चुकलं आणि खरंच कर्करोग असला, तर तुमच्या गोळ्यांपायी मी त्याचे पंधरा दिवस घालवलेले असतील. त्या पंधरा दिवसांचं काय होतं, मी पाहिलंय."

"मला कळतंय, सर. मी नक्की आकडा दिला तर?"

"रक्ताची तपासणीही पाठवलीय मी, पण ती आठवड्यानं येईल. उद्या संध्याकाळी सातपर्यंत मला तुमचा आकडा द्या. नाहीतर परवा आठला मी सुरू करतो."

माणूस वाईट नव्हता. तो म्हणत होता त्यात खोट काढायला जागा नव्हती, आणि म्हणूनच मला जास्त भीती वाटत होती.

बुधवारी सकाळी खास रंगाचं काम सुरू झालं. त्या रंगाआधी काप उकळावे लागतात, आणि त्यासाठी आमच्याकडे चक्क प्रेशर कुकर आहे. दोन शिट्ट्या झाल्या. काकांनी झाकण काढलं आणि ते तसेच उभे राहिले.

"काय झालं?" मॅडम आल्या.

काकांनी पट्ट्या उजेडात धरल्या. दोन्ही स्वच्छ होत्या. माझे काप निघून पाण्यात गेले होते.

"लेपवाल्या पट्टीवर घ्यायचे असतात उकळायचे काप," काका म्हणाले. त्यांचा आवाज मला ओळखू येईना. "साध्या पट्टीवर ते टिकत नाहीत. कालचा साधा काप घेतला आणि त्याच ओघात हेही साध्याच पट्टीवर घेतले. अठ्ठावीस वर्षं मी नव्या पोरांना हेच शिकवतोय, मॅडम."

मला वाटलं, मॅडम आता ओरडतील. त्यांनी फक्त घड्याळाकडे पाहिलं. साडेबारा वाजले होते.

"किती उरलेत?"

"सहातले तीन गेले. उरले तीन, तेही वडी न दुखावता निघाले तर."

"मग काढा."

"माझ्या हातावर आता माझाच भरवसा नाही."

"पाच मिनिटं बसा, पाणी प्या. पण काढा तुम्हीच, काका. माझ्याकडून एकही धड निघायचा नाही."

काका बसले. पाणी प्यायले. मग उठून त्यांनी लेपवाल्या पट्ट्यांची पेटी आणली, तिच्यावरचं लेबल बोट ठेवून मोठ्यानं वाचलं आणि दोन पट्ट्या समोर मांडल्या. मला पुन्हा बर्फावर, मग यंत्रात. पातं माझ्याकडे आलं. मी एरवी देवाबिवाच्या भानगडीत पडत नाही, पण त्या वेळी मनातल्या मनात हात जोडले आणि जमेल तेवढी ताठ राहिले. एक काप निघाला, सुरकुती न पडता. दुसऱ्याची कड किंचित फाटली. काका म्हणाले, "चालेल," आणि यंत्राचं चाक त्यांनी कुलूप लावून बंद केलं.

पुन्हा कुकर. पुन्हा दोन शिट्ट्या. या वेळी झाकण काढताना दोघंही बघत होते. काप जागेवर होते. मग एकेक थेंब, धुणं, पुन्हा थेंब, पुन्हा धुणं. पाचच्या सुमारास मुलीचा फोन आला. "बाबांना आज रात्रीपासून उपाशी ठेवायला सांगितलंय. ठेवू ना?" मॅडम म्हणाल्या, "ठेवा. मी सातला कळवते." फोन ठेवल्यावर त्या खिडकीपाशी जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या.

सव्वासहाला पहिली पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली गेली.

या रंगात नेमक्या पेशी तेवढ्या तपकिरी होतात. मॅडम हातातलं मोजणीचं यंत्र टकटक दाबत होत्या. सूक्ष्मदर्शकातून एका वेळी दिसणाऱ्या गोलात शंभराच्या वर पेशी असल्या तर संशय पक्का. टकटक थांबेना. काका दाराशी उभे राहून नुसते आवाजावरून मोजत होते. दीडशेच्या पुढे त्यांनी मोजणं सोडलं आणि ते स्टुलावर बसले.

"एकशे ब्याऐंशी," मॅडम म्हणाल्या. दुसऱ्या पट्टीवर त्यांनी सगळ्या जातींच्या पेशी मिळून मोजल्या आणि भागाकार दोनदा केला. शंभरातल्या सत्तर चार नंबरच्या होत्या.

सातला दहा मिनिटं असताना त्यांनी सर्जनना आकडे सांगितले. सर्जननी दोन्ही आकडे परत म्हणून दाखवले.

"सहा वर्षांपूर्वी हे कुणी सांगितलं का नाही?" त्यांनी विचारलं.

"मी सांगितलं नाही, सर. रिपोर्ट माझाच होता."

मग ते म्हणाले, "पंधरा दिवस गोळ्या. सोळाव्या दिवशी स्कॅन. गाठ तसूभरही हलली नसेल, तर सतराव्या दिवशी मी पोट उघडणार."

ते पंधरा दिवस मी मॅडमच्या टेबलावर होते. मला परत कपाटात ठेवायचं त्यांच्या हातून होत नसावं. त्या डबा उघडायच्या आणि दोन घास खाऊन बंद करायच्या. एकदा काकांना म्हणाल्या, "माझं चुकलं असलं तर, काका?" काका म्हणाले, "तर दोघं मिळून सांगू. कुकर मीच लावला होता." मला दोघांचाही राग धरून ठेवता येईना. सहा वर्षं जपलेला राग होता माझा, तरी येईना.

सोळाव्या दिवशी दुपारी सर्जनचा फोन आला. गाठ निम्म्याहून कमी झाली होती.

त्यानंतर आठवड्याभरानं रंगारी स्वतः आला. मुलगी मागे उभी होती. कपडे अंगावर लोंबत होते, पण आवाज तोच. सहा वर्षांनी मला तो इतक्या जवळून ऐकू आला.

"माझी सुपारी बघायला आलोय," तो म्हणाला.

मॅडमनी त्याला सूक्ष्मदर्शकाशी बसवलं. त्यानं एक डोळा लावला. "रंग बरा बसलाय. फक्त डाव्या कडेला फाटलाय."

"माझ्या हातून," काका दारातून म्हणाले.

मॅडम खुर्ची ओढून त्याच्या समोर बसल्या. "हे सहा वर्षांपूर्वीही इथंच होतं. मी पाहिलं होतं आणि मोजलं नाही. कर्करोग नाही, एवढं लिहून थांबले. चूक माझी आहे, ती तुम्हाला मीच सांगायला हवी होती म्हणून बोलावलं."

रंगाऱ्यानं डोळा काढला. "तेव्हा कळलं असतं तर?"

"तर कदाचित स्वादुपिंडापर्यंत गेलं नसतं. आता साखर सांभाळावी लागेल, गोळ्याही बराच काळ घ्याव्या लागतील."

त्यानं पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

"गंज दिसला की आधी मुळापर्यंत घासायचा असतो," शेवटी तो म्हणाला. "घाई असली की आम्हीपण वरून रंग मारून गाडी देतो. चकचकीत दिसते. गिऱ्हाईक खूश. मी दिल्यात अशा गाड्या. पण बोलावून कुणाला सांगितलं नाही कधी." मग थोड्या वेळानं, "वाईट वाटलं मला, मॅडम. वाटायचंच. पण सांगितलंत ते बरं केलंत."

मुलगी म्हणाली, "बाबा, ते तोंडाचं सांगा ना."

"हां. तोंड कोरडं पडायचं ना, ते सुधारलंय. परवा हिनं लिंबू कापलं आणि तोंडाला पाणी सुटलं. कितीतरी वर्षांनी."

ते ऐकून मला काय वाटलं, ते मला नीट सांगता येणार नाही. माझी बहीण कामावर परत गेली होती.

आता माझ्यात एकच काप उरलाय. काका म्हणतात, तो काढू नका, असू दे. मॅडमनी मला कपाटात न ठेवता टेबलाच्या वरच्या खणात ठेवलंय. तुम्हाला माझी विनंती एवढीच. एखादी भीती खोटी ठरली की आनंद जरूर करा, पण कागदाची घडी घालण्याआधी विचारा, ते नाही तर मग काय आहे? तेवढं विचारायला वेळ फार लागत नाही. माझ्या रंगाऱ्याच्या बाबतीत ते विचारायला सहा वर्षं लागली.

काल एका बाईच्या डोळ्यामागची गाठ आली. मॅडम बराच वेळ सूक्ष्मदर्शकात बघत होत्या. मग त्यांनी लिहिलं, "कर्करोग नाही." सही करायला पेन खाली टेकवलं आणि परत उचललं. खण उघडून माझ्याकडे पाहिलं आणि हाक मारली, "काका, अजून दोन काप द्या. लेपवाल्या पट्टीवर."

"लेबल वाचूनच घेतोय," आतून काका म्हणाले.